उसनं पिस्तूल, स्वतःचा नेम

अ‍ॅनिमेचे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनचे, चाहते गप्पांना बसले आणि विषय गोळीबार, गाड्यांचे पाठलाग, खासगी गुप्तहेर आणि महानगरातले पोलीस यांच्याकडे वळला, की एक भांडण हमखास उभं राहतं. एक बाजू म्हणते, 'काउबॉय बीबॉप' घ्या नाहीतर 'गनस्मिथ कॅट्स' घ्या, हे सगळं जुन्या अमेरिकन पोलीस मालिकांचं उष्टं आहे; यात जपानी असं काय आहे? दुसरी बाजू चवताळते. तिच्या मते अमेरिकन मालिकांचा इथे संबंधच नाही, हे एका स्वतंत्र प्रतिभेचं काम आहे. वाद पुढे सरकत नाही, कारण दोघांनी एकच गोष्ट मनात पक्की धरलेली असते: उसनं घेतलं म्हणजे कमअस्सल झालं. म्हणून एक जण उसनवारी दाखवून कलाकृतीला खाली खेचतो आणि दुसरा तिला वाचवण्यासाठी उसनवारीच नाकारतो. माझं म्हणणं असं, की उसनवारी पूर्ण मान्य करावी, तिचे सगळे पुरावे समोर ठेवावेत, आणि मग विचारावं की घेणाऱ्यानं घेतलेल्या गोष्टीचं केलं काय. या कसोटीवर काही अ‍ॅनिमे फार उंच जातात, काही साफ कोसळतात. 'नक्कल की अस्सल' या झगड्यात तो फरक कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

पुरावे तर भरपूर आहेत. केनिची सोनोदाची 'गनस्मिथ कॅट्स' ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, शिकागोत घडते. तिची नायिका रॅली व्हिन्सेंट बंदुकांचं दुकान चालवते, फरारी गुन्हेगार पकडून बक्षिसाचे पैसे कमावते आणि शेल्बी मस्टँग जीटी ५०० हाकते. १९९५-९६ मध्ये या मंगावरून तीन भागांची व्हिडिओ मालिका निघाली, तेव्हा ती करणारी मंडळी पाहणीसाठी शिकागोला जाऊन आली होती. संगीत दिलं पीटर अर्स्किननं, म्हणजे 'वेदर रिपोर्ट' या अमेरिकन जॅझ बँडच्या ड्रमरनं. सोनोदाचंच त्याआधीचं 'रायडिंग बीन' (१९८९) हेही शिकागोचंच. शोजी गातोची 'कॉप क्राफ्ट' ही कादंबरीमाला मुळात २००६ साली 'ड्रॅगनेट मिराज' या नावानं आली होती, आणि 'ड्रॅगनेट' हे अमेरिकन पोलीस मालिकांचं मूळपीठ. २०१८ च्या 'डबल डेकर' या अ‍ॅनिमेमधल्या विशेष पथकाचं नाव आहे 'सेव्हन-ओ'. ते ऐकून 'हवाई फाइव्ह-ओ' ही अमेरिकन पोलीस मालिका आठवणार नाही असा त्या पिढीचा प्रेक्षक सापडणं अवघड. या माणसांनी काहीच लपवलेलं नाही. ज्यांनी स्वतःच आपल्या गुरूंची नावं दारावर लिहून ठेवली, त्यांच्या घरावर छापा घालून आपण काय सिद्ध करतो?

ही गुरुपरंपरा सुरू कशी झाली, हे सहसा कुणी विचारत नाही. जपानमध्ये टीव्ही १९५३ मध्ये आला. सिनेमा कंपन्यांना त्यात शत्रू दिसला आणि १९५६ साली मोठ्या पाच स्टुडिओंनी आपले चित्रपट टीव्हीला देणं बंद केलं. वाहिन्यांना रोजचे तास तर भरायचेच होते. अमेरिकन टीव्हीच्या फिल्मवर चित्रित झालेल्या मालिका तयार होत्या आणि परवडत होत्या. त्यामुळे पन्नाशीच्या उत्तरार्धापासून पुढची काही वर्षं जपानी घराघरांत 'द अनटचेबल्स', '७७ सनसेट स्ट्रिप', 'द फ्युजिटिव्ह' यांची पात्रं जपानीतून बोलत होती. अमेरिकेच्या मोहापायी हे घडलं, असं सांगणं सोपं आहे. पण त्या मोहाइतकंच कारण देशी स्टुडिओंच्या हट्टातही होतं. त्यातून एक नवा पेशाही भक्कम झाला, तो म्हणजे आवाज देणाऱ्या नटांचा.

यासुओ यामादा या नटाचंच उदाहरण घ्या. 'रॉहाइड' या अमेरिकन मालिकेतल्या तरुण क्लिंट ईस्टवुडला जपानी आवाज त्यानं दिला, पुढे ईस्टवुडच्या डर्टी हॅरी या सिनेमातल्या पोलिसालाही दिला. आणि १९७१ मध्ये 'लुपाँ द थर्ड' ही अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली तेव्हा त्या नाठाळ, रंगेल चोराचा आवाजही यामादाचाच होता, आणि १९८७ च्या एका चित्रपटाचा अपवाद सोडला तर १९९५ मध्ये जाईपर्यंत तो त्याचाच राहिला. लुपाँचा सोबती, हॅट डोळ्यांवर ओढणारा नेमबाज जिगेन, याला आवाज देणारे कियोशी कोबायाशी हे जेम्स कोबर्न या हॉलिवूडच्या नटाचा जपानी आवाज म्हणून ओळखले जात. आणि जिगेनची मूळ आकृतीही कोबर्नवरूनच घेतलेली. म्हणजे जपानी प्रेक्षकाच्या कानात अमेरिकन नेमबाज आणि अ‍ॅनिमेतला नेमबाज हे वेगळे नव्हतेच. दोघं एकाच गळ्यातून बोलत होते. यात अमेरिकन भाग कोणता आणि जपानी कोणता हे वेगळं काढायला गेलात, तर हातात काहीच उरणार नाही.

बरं, तो कोबर्न तरी कुठला? जिगेनला त्याचं जे रूप मिळालं ते 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) मधलं: कमी बोलणारा, स्वतःच्या कौशल्याशिवाय कशाचीच पर्वा नसलेला चाकूबाज. आणि ते पात्र जसंच्या तसं उचललेलं होतं जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई' (१९५४) मधल्या क्युझोवरून. टोकियोतला तलवारबाज हॉलिवूडला जाऊन चाकूबाज झाला, तिथून परत येऊन टोकियोत पिस्तूलवाला झाला. आता या तीन मुक्कामांपैकी नेमक्या कुठल्या मुक्कामाला 'मूळ' म्हणायचं? कुरोसावाच्या 'योजिम्बो' वरून 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' बेतला गेला तेव्हा तोहो कंपनीनं हक्कासाठी दाद मागितली आणि पैसेही वसूल केले. ते योग्यच झालं. पण त्याच कुरोसावानं १९६३ मध्ये एड मॅकबेनच्या 'किंग्ज रॅन्सम' या न्यू यॉर्कच्या वळणाच्या पोलीस कादंबरीवरून 'हाय अँड लो' केला. कारखानदाराच्या मुलाऐवजी अपहरण चुकून त्याच्या ड्रायव्हरच्या मुलाचं होतं, इथवर दोन्ही गोष्टी सारख्याच. मॅकबेनचा कारखानदार खंडणी द्यायला नकार देतो. कुरोसावाचा गोंदो ती देतो, आणि दिवाळखोर होतो. टेकडीवरच्या थंडगार बंगल्यात सुरू झालेली गोष्ट मग योकोहामाच्या उकाड्याच्या वस्तीत उतरते. एका होकारानं अख्ख्या कथेचा नैतिक भार बदलला. उसनवारीचा हिशोब मांडायचा तर असा मांडावा: काय घेतलं, आणि कोणत्या क्षणी वाट बदलली.

मराठी वाचकाला हे पटायला जड जाऊ नये. मोलिएरच्या 'स्गानारेल' वरून आर्थर मर्फीनं 'ऑल इन द राँग' लिहिलं आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी 'संशयकल्लोळ' रचलं. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती अशी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं पात्रांना देऊन, नाट्यपदं घालून त्यांनी त्या फ्रेंच संशयाला असं काही इथलं करून टाकलं, की शंभराहून अधिक वर्षं आपण ते आपलं म्हणून पाहतो. त्याला कुणी फ्रेंच नाटकाची नक्कल म्हणत नाही. मग एदोगावा राम्पो या लेखकानं एडगर अ‍ॅलन पो याच्या नावाच्या उच्चारावर आपलं टोपणनाव बेतलं आणि १९२३ पासून जपानी गुप्तहेरकथेचा पाया घातला, त्याच्या वारसांनी अमेरिकेकडे पाहिलं तर आपण नाकं का मुरडावीत?

'काउबॉय बीबॉप' वर तर हा आरोप सर्वांत जास्त होतो, आणि तिथेच तो सर्वांत जास्त फसतो. अंतराळात फरारी पकडून बक्षिसावर जगणाऱ्यांची १९९८ ची ही मालिका. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, संगीत योको कान्नो. शीर्षकगीताच्या ब्रासवर जुन्या अमेरिकन गुप्तहेर मालिकांच्या जॅझची सावली उघड पडलेली आहे. पण नायक स्पाइक स्पीगल हा कुणावरून घेतला? युसाकु मात्सुदा या जपानी नटावरून. त्यातही 'तांतेई मोनोगातारी' (१९७९-८०) या जपानी टीव्ही मालिकेतल्या त्याच्या खासगी गुप्तहेरावरून. तोच उंच, किडकिडीत, पाय लांब टाकत चालणारा बांधा, तेच विस्कटलेले कुरळे केस, तोच गडद सूट. आणि गंमत बघा, त्या गुप्तहेराची पूर्वपीठिका अशी, की तो आधी सॅन फ्रान्सिस्कोत पोलीस होता! मात्सुदा त्याआधी 'ताइयो नि होएरो' या जपानी पोलीस मालिकेतला जीन्स घालणारा बंडखोर शिपाई म्हणून घराघरांत पोचला होता. आणि त्याचा शेवटचा सिनेमा ठरला रिडली स्कॉटचा 'ब्लॅक रेन', ज्यात अमेरिकन पोलीस ओसाकात येतात. त्याच वर्षी, १९८९ मध्ये, तो गेला. म्हणजे स्पाइककडे पाहून 'हा अमेरिकन' असं म्हणणारा प्रेक्षक प्रत्यक्षात टोकियोच्या टीव्हीवरच्या एका जपानी नटाची चाल पाहत असतो. अमेरिका तिथे आहे, पण वीस वर्षं जपानी पचनसंस्थेतून गेलेली.

अजून एक साखळी सांगतो, कारण तिच्यात पैशाचा व्यवहारही उघडा पडतो. १९९२ मध्ये अमेरिकेत 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज' सुरू झाली. काळवंडलेलं शहर, जुन्या गुन्हेपटांची छायाप्रकाशाची शैली. सगळं अस्सल अमेरिकन मानलं गेलं. त्यातले अनेक भाग प्रत्यक्षात चितारले गेले ते टोकियोच्या स्टुडिओंमध्ये: 'लुपाँ' करणाऱ्या टोकियो मूव्ही शिन्शामध्ये आणि 'बीबॉप' करणाऱ्या सनराइझमध्ये. पुढे १९९९ ला सनराइझनं स्वतःची 'द बिग ओ' आणली. काळ्या सूटमधला वाटाघाटी करणारा नायक, त्याचा बटलर, त्याची काळी गाडी, स्मृती हरवलेलं शहर. बॅटमॅनची छाप झाकायचा प्रयत्नच नाही. जपानमध्ये मालिकेला फारसा उठाव मिळाला नाही. अमेरिकन प्रेक्षकांना ती आवडली, म्हणून २००३ चा दुसरा हंगाम अमेरिकेच्या कार्टून नेटवर्कच्या भागीदारीत निघाला. आता सांगा, ज्या हातांनी अमेरिकेचं गुन्हेविश्व कंत्राटावर रंगवून दिलं, त्याच हातांनी त्या अनुभवातून स्वतःचं काही केलं, तर ती चोरी कशी? मजुरी करणाऱ्यानं कारागिरी शिकू नये, अशी अट तर आपल्याला घालायची नाही ना?

इथवर वाचून दुसऱ्या बाजूला हुरूप आला असेल, तर त्यांच्याकडेही वळायला हवं. सगळंच देवाणघेवाणीचं म्हटल्यावर सगळंच चांगलं ठरत नाही. 'मॅड बुल ३४' ही १९९० च्या सुमाराची व्हिडिओ मालिका न्यू यॉर्कच्या चौतिसाव्या ठाण्यातल्या आडदांड पोलिसाची. अमेरिकन पोलीसपटांतलं जे जे ढोबळ, ते तिनं उचललं आणि दहापट फुगवलं. बायकांवरचा अत्याचार तिथे कथेला फोडणी म्हणून येतो, नायकाची गुंडगिरी हीच त्याची मर्दुमकी ठरते, आणि न्यू यॉर्क हे माणसांचं शहर न राहता, वाटेल ते करायची मुभा देणारं एक रिकामं मैदान होतं. हिचा बचाव करताना 'हा अमेरिकन मालिकांना मुजरा आहे' असं कुणी म्हणाला, तर तो मुजरा कशाला केला हेही सांगावं लागेल. 'गनस्मिथ कॅट्स' मीही मोठ्या आवडीनं वाचलेली आहे, पण तिच्यातल्या मिनी-मे या अल्पवयीन दिसणाऱ्या मुलीचं लैंगिक चित्रण कुठल्याही युक्तिवादानं धुऊन निघत नाही. ती सोनोदाची स्वतःची निवड होती. शिकागोनं किंवा अमेरिकन टीव्हीनं ती त्याच्यावर लादलेली नव्हती. चाहत्यांनी हे सरळ म्हणायला शिकायला हवं. आवडत्या कलाकृतीतलं वाईट मान्य केल्यानं तिच्यातलं चांगलं पळून जात नाही.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. अमेरिकन पोलीस मालिका ही निरागस करमणूक कधीच नव्हती. 'ड्रॅगनेट' १९४९ मध्ये रेडिओवर आणि १९५१ मध्ये टीव्हीवर आली तेव्हा तिचा कर्ता जॅक वेब लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याशी हातात हात घालून काम करत होता. खातं प्रकरणं पुरवायचं आणि संहिता नजरेखालून घालायचं. पडद्यावरचा पोलीस थंड डोक्याचा, सभ्य आणि कधीच न चुकणारा निघाला, तो असा. त्याच खात्याच्या वागणुकीबद्दल शहरातल्या काळ्या आणि मेक्सिकन वस्त्यांचा अनुभव काय होता, ते १९६५ मध्ये वॉट्स या तिथल्या काळ्या वस्तीतल्या उद्रेकात जगाला दिसलं. तेव्हा आक्षेप असा, की ज्या साच्यात खात्याची जाहिरात मुरलेली आहे तो साचा उचलला, तर जाहिरातही सोबत येणारच. जपानी प्रेक्षकाला वॉट्स माहीत नाही, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचते ती फक्त झळाळी. हा मुद्दा मला गंभीर वाटतो. 'नक्कल' म्हणून ओरडण्यापेक्षा यावर बोललं गेलं असतं, तर वाद कितीतरी पुढे गेला असता.

पण उत्तर कलाकृतींतच शोधू. या प्रकारातल्या उत्तम अ‍ॅनिमेंमध्ये नायक कोण आहेत? लुपाँ चोर. बीन सामान पोचवणारा बेकायदा वाहनचालक. रॅली दुकानदार. स्पाइक गुन्हेगारी टोळीतून पळालेला. पोलीस नायक फार थोडे. 'गनस्मिथ कॅट्स' च्या व्हिडिओ मालिकेत एटीएफ या संघीय खात्याचा माणूस रॅलीला परवान्याचा धाक घालून कामाला लावतो, आणि शस्त्रांच्या तस्करीत त्याच खात्यातल्या वरिष्ठाचा हात निघतो. 'बीबॉप' मधला जेट ब्लॅक एकेकाळचा पोलीस. एकदा पकडलं की सोडायचा नाही म्हणून 'ब्लॅक डॉग' हे त्याचं नाव. एका कारवाईत त्याचा हात जातो. मालिकेच्या सोळाव्या भागात त्याला कळतं, की त्या रात्री गोळी झाडणारा त्याचा स्वतःचा जोडीदार होता, टोळीला विकला गेलेला. जेटला नवा, जिवंत हात बसवून घेता आला असता. त्यानं लोखंडी हातच ठेवला. अमेरिकन जोडगोळी-मालिकांचा सगळा डोलारा ज्या विश्वासावर उभा, त्या जोडीदारावरच्या विश्वासाला 'बीबॉप' नं असं मुळापासून तपासलं आणि त्याची जखम नायकाच्या खांद्यापासून बोटांपर्यंत कायमची दिसत ठेवली. 'ड्रॅगनेट' मधला सार्जंट फ्रायडे हे कधी सहन करू शकला असता का?

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे 'बीबॉप' नं गुन्हेगारी मालिका हाच प्रकार कथेच्या आत ओढला. त्या विश्वात 'बिग शॉट' नावाचा टीव्ही कार्यक्रम आहे. काउबॉयच्या वेशातले दोन निवेदक आरडाओरडा करत फरारींची नावं आणि बक्षिसाच्या रकमा वाचून दाखवतात. नायकांचं पोट त्यावर चालतं, किंवा बहुतेक वेळा चालत नाही. पहिल्याच भागात जेट ढोबळी मिरची आणि गोमांसाचा पदार्थ वाढतो, ज्यात मांसच नसतं, कारण ते घ्यायला पैसे नाहीत. पकडलेला माणूस हातून निसटतो, मरतो, किंवा झालेल्या नुकसानीत बक्षीस वळतं होऊन जातं. आणि मालिका संपत आली असताना 'बिग शॉट' बंद पडतो. तो निवेदक मग साध्या कपड्यांत, तो बनावट लहेजा टाकून, आपल्या आईबद्दल बोलताना दिसतो. गुन्ह्याचा तमाशा करून विकणारी टीव्हीची दुकानदारी, त्यावर जगणारी माणसं आणि दुकान बंद झाल्यावरची त्यांची अवस्था: ज्या अमेरिकन टीव्हीचं हे अ‍ॅनिमे अनुकरण म्हणतात, त्या टीव्हीवर इतकी स्वच्छ टीका त्याच्याच साच्यात बसून फार थोड्यांनी केली असेल. २०२१ साली नेटफ्लिक्सनं याच कथेची माणसांना घेऊन मालिका काढली. सूट तोच, यान तेच, संगीतही कान्नोचंच. नोव्हेंबरमध्ये आली आणि डिसेंबरमध्ये रद्दही झाली. पेहराव तंतोतंत जुळला, पण त्या माणसांची भूक आणि थकवा काही हाती लागला नाही. अमेरिकन असणं हीच जर 'बीबॉप' ची ताकद असती, तर अमेरिकेत ते जास्त सहज साधायला हवं होतं.

बंदुकांबद्दल मात्र माझं मन पूर्ण मोकळं नाही. जपानमध्ये १९५८ च्या शस्त्रकायद्यानं सामान्य माणसाला पिस्तूल बाळगणं जवळजवळ अशक्य केलं. त्याच देशात नकली बंदुकांचा छंद फोफावला, आणि सोनोदासारखा चित्रकार रॅलीच्या सीझेड ७५ या चेकोस्लोव्हाक पिस्तुलाच्या सुरुवातीच्या आवृत्तीच्या पोलादाबद्दल पानंच्या पानं लिहू लागला. हे प्रेम अनुभवातून आलेलं नाही, अभावातून आलेलं आहे. जिथे दरवर्षी हजारो माणसं गोळीनं मरतात तिथल्या माणसाला ही पानं वाचताना काय वाटेल, हा प्रश्न मला टाळता येत नाही. बचावात एवढं म्हणेन, की त्या लांबच्या नजरेत एक काटेकोरपणा आला, जो अमेरिकन मालिकांत क्वचित दिसतो. तिथे बंदूक नुसती वाजते. इथे ती अडते, तिच्या गोळ्या संपतात, तिच्या घडणीवर जगणं-मरणं ठरतं. रॅली समोरच्याला मारण्याऐवजी त्याचा अंगठा उडवते, म्हणजे त्याला पुन्हा पिस्तूल धरता येऊ नये. क्रूर आहे हे. पण गोळी लागली की शरीराचं नेमकं काय जातं, याचा विचार त्यात आहे. 'स्टार्स्की अँड हच' पाहणाऱ्या कुणाला तो कधी करावा लागला नाही.

आणि शेवटचा आक्षेप, जो मला सर्वांत बोचतो: जपाननं आपला गुन्हा परदेशात ढकलला. शिकागो, न्यू यॉर्क, मंगळ. खून तिथे व्हावेत, टोकियो स्वच्छ राहावं. टोळी हवी असेल तर 'बीबॉप' ची रेड ड्रॅगन, म्हणजे पुन्हा चिनी वळणाची. यात तथ्य आहे. परक्याला हिंसक ठरवून स्वतःला सभ्य मानायची सवय प्रत्येक समाजाला असते, आणि करमणूक ती खूप सोयीस्करपणे भागवते. 'कॉप क्राफ्ट' वरची अ‍ॅनिमे मालिका निदान त्या सवयीला भिडते. तिचं सान तेरेसा शहर दोन जगांच्या सरहद्दीवर आहे, तिथला जपानी वंशाचा पोलीस केई मातोबा परक्या जगातल्या माणसांचा मनापासून तिरस्कार करत कथेत येतो, आणि शेवटच्या प्रकरणात महापौरपदाच्या निवडणुकीत तोच तिरस्कार मतांसाठी पेटवला जातो. चित्रण अनेक ठिकाणी कच्चं आहे, हालचाली तुटक आहेत, तरी विचार कच्चा नाही.

पण या आक्षेपाला खरं उत्तर अकिमी योशिदाच्या 'बनाना फिश' मध्ये आहे. १९८५ ते १९९४ या काळात ही मंगा मुलींसाठीच्या मासिकात चालली आणि २०१८ मध्ये तिचं अ‍ॅनिमे झालं. त्यात मूळचं व्हिएतनाम युद्ध बदलून इराक केलं गेलं. न्यू यॉर्कच्या टोळ्यांवर लेख करायला आलेल्या जपानी छायाचित्रकाराचा सहायक म्हणून एजी हा तरुण येतो. टोळीचा कोवळा म्होरक्या अ‍ॅश त्याला भेटतो तेव्हा एजी त्याच्याकडे काय मागतो? त्याचं पिस्तूल. खरं आहे का, हातात धरून पाहू का, असं तो लहान मुलाच्या कुतूहलानं विचारतो. आणि मग विचारतो, यानं कुणाला मारलंयस का? अ‍ॅशनं मारलेलं असतं. सगळ्या प्रकारात मुरलेली जपानी पर्यटकाची नजर योशिदानं त्या एका भेटीत पकडून ठेवली, आणि मग शेकडो पानं तिनं एजीला आणि वाचकाला ते पिस्तूल त्या मुलाच्या हातात आलं कसं, हे दाखवण्यात घालवली: लहानपणापासून त्याला विकणारे, विकत घेणारे, युद्धात औषधाच्या नावाखाली माणसांवर प्रयोग करणारे, आणि हे सगळं माहीत असून गप्प बसणारे प्रतिष्ठित लोक. जपान या कथेत सुरक्षित घर म्हणून उरतं, हे खरं. तेवढ्यापुरता आक्षेप टिकतो. पण अ‍ॅशला त्या घरापर्यंत पोचवायची सोय योशिदानं करून ठेवलेली नाही.